७५, ६४ की ६३?

'एसटीएम-१ मध्ये किती ई-१ बसतात?' ईएनटीसीच्या व्हायवात हा प्रश्न ठरलेला. कॅल्क्युलेटरवाला १५५.५२ ला २.०४८ ने भागतो आणि ७५ सांगतो. घोकून आलेला ६३ म्हणतो आणि मार्क घेऊन जातो. सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स वाचून आलेला एखादा ६४ म्हणतो. गंमत म्हणजे हा ६४ वालाही साफ चूक नाही, पण 'का?' असं त्याला कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की वेगांचा हा तक्ता पाठ करून घेणं बंद करावं आणि तो मांडायला शिकवावं. 'हे सगळं जुनं झालं, सिलॅबसमधून काढूनच टाका' म्हणणारी मंडळीही हॉस्टेलवर आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

सगळा खेळ ८००० या आकड्याचा आहे. टेलिफोनवर आवाज साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच जातो, म्हणून सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येक ८ बिटांचं. झाले ६४ किलोबिट. आपण युरोपची पद्धत घेतली. असे ३२ खण एकत्र केले की ई-१, म्हणजे २.०४८ मेगाबिट. त्यातला एक खण ताळमेळासाठी, एक सिग्नलिंगसाठी, बोलायला उरले ३०. अमेरिकेने २४ खण घेतले आणि वर एक जादा बिट. १९३ गुणिले ८०००, म्हणजे १.५४४ मेगाबिट, हा त्यांचा टी-१. आपण वाचतो ती फोरोझॅन, टॅनेनबॉमची पुस्तकं तिकडची. त्यामुळे पोरं टी-१ आणि ओसी-३ पाठ करतात, आणि आपल्याकडच्या एक्स्चेंजची भाषा मात्र ई-१ आणि एसटीएमची. मग भागाकार सुरू!

आणि भागाकारच घात करतो. चार ई-१ मिळून ८.१९२ व्हायला हवेत, पण जुन्या पद्धतीतल्या ई-२ चा वेग आहे ८.४४८. कारण चारही लाइनींची घड्याळं किंचित मागेपुढे चालतात आणि ती जुळवायला भरीचे बिट घालावे लागतात. दर पायरीला अशी भर पडत पडत १३९.२६४ च्या ई-४ मध्ये ६४ ई-१ जातात. पण त्यातला एकच बाहेर काढायचा तर सगळ्या पायऱ्या उतरून परत चढायच्या. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या टेम्पोत साताऱ्याचं खोकं तळाशी गेलं, तर साताऱ्यात अख्खा टेम्पो खाली करायचा, तसंच.

१९८८ मध्ये मानक झालेल्या एसडीएचने हे दुखणं घालवलं. एसटीएम-१ ची फ्रेम म्हणजे ९ ओळी आणि २७० रकाने, २४३० बाइट, सेकंदाला ८००० वेळा. गुणून बघा, १५५.५२ बरोब्बर येतात. यातले ९ रकाने देखरेखीला जातात, एक आतल्या मालाच्या कागदपत्रांना. प्रत्येक ई-१ ला त्याच्या पॉइंटरसकट ४ रकाने मिळतात. तीन ई-१ चा एक गट, असे सात गट, आणि तसे तीन संच : ३ × ७ × ३ = ६३. थोडी जागा वाया जाते खरी, पण कुठला ई-१ कुठे आहे हे नेमकं कळतं. साताऱ्याचं खोकं साताऱ्याला अलगद उतरतं. हाच एसटीएम-१ जुना ई-४ अख्खाच्या अख्खा पोटात घेऊन निघाला तर मात्र आत ६४ असतात. म्हणजे सोयीची किंमत एक ई-१. मला तरी ती फार स्वस्त वाटते.

आता तेच १५५.५२ अमेरिकेत ओसी-३ म्हणून बघा. तिथे ८४ टी-१ बसतात, म्हणजे २०१६ कॉल. आपल्याकडे ६३ गुणिले ३०, म्हणजे १८९०. काच तीच, वेग तोच, कॉल मात्र वेगळे. हे कुठल्या भागाकारातून निघणार?

आता 'जुनं झालं'वाल्यांसाठी. १९९० मध्ये देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क उभी राहिली, त्यांत पुणं होतं. त्या काळी कंपन्या परदेशाशी जोडायला ६४ किलोबिटची लाइन भाड्याने घेत, म्हणजे हिशेबाने एका फोन कॉलचा खण! ते गेलं, मान्य. पण आज घरोघरी आलेलं फायबर बहुतेक जीपॉनचं आहे. त्याचा खाली येणारा वेग ढोबळपणे २.५ गिगाबिट सांगतात, खरा आहे २.४८८३२. ओळखीचा वाटतो ना? तो एसटीएम-१६ आहे, म्हणजेच ओसी-४८. त्याची फ्रेमही १२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे परत सेकंदाला ८०००. दहा गिगाबिट इथरनेटचं मानक २००२ मध्ये आलं, तेव्हा त्याचीही एक आवृत्ती मुद्दाम ९.९५३२८ ला बसवली, ओसी-१९२ वर चालावी म्हणून. रात्री दोनला मॅच बघताना आपण त्या जुन्या टेलिफोनच्याच ठेक्यावर असतो.

सरांना विनंती आहे, रागावू नका. तक्ता प्रश्नपत्रिकेतच छापून द्या. मग विचारा, की ७५ बसायला हवेत तिथे ६३ च का, आणि उरलेली जागा कशात गेली ते रकान्यांनी दाखवा. सहा मार्क ठेवा. कॅल्क्युलेटर खुशाल नेऊ द्या.