काखेतला कळसा

पाहुणे आले की जुळे सोलापुरातल्या घराघरांत एकच प्रश्न पडतो: यांना दाखवायचे काय? सिद्धेश्वराचे दर्शन होते, भुईकोट किल्ल्याची फेरी होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी विजापूरच्या रस्त्याला लागते. गोलघुमट पाहावाच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच रस्त्यावर कुडलकडे वळणारी वाट आपण मागे टाकतो, हे कितीजणांच्या ध्यानात येते?

दक्षिण सोलापूर तालुक्यातले हत्तरसंग कुडल शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. येथे सीना भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन मंदिरे आहेत. हरिहरेश्वराचे मंदिर ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. 1999 मध्ये तो उपसताना एक भलेथोरले शिवलिंग सापडले. त्यावर 359 मुखे कोरलेली आहेत!

खरा ठेवा मात्र संगमेश्वराच्या मंदिरात, तुळईवर आहे. शके 940, म्हणजे इसवी सन 1018 मधला हा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्याही पावणेतीनशे वर्षे आधी हा दगड मराठी बोलत होता. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी त्याचा अभ्यास केला. त्यातल्या मराठी ओळीचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण आनंद साजरा केला. त्या भाषेचा दगडी दाखला मात्र घराजवळ असूनही आपण पाहत नाही. "तिथे आहे काय? धड हॉटेलही नाही," असे कोणी म्हणेल. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यावी!

जुळे सोलापूर हा शहराचा नवा भाग. इथल्या मुलांना जुने म्हणजे आजीचा पितळी डबा, एवढेच ठाऊक. फ्रान्समध्ये 1984 पासून वर्षातून एकदा वारशाची दारे लोकांसाठी मुद्दाम उघडतात. आपल्याकडे ती उघडीच आहेत. पाऊल तेवढे टाकायचे. प्रत्येक शाळेने एक वर्ग दरवर्षी कुडलला न्यावा आणि ती ओळ मुलांना वाचून दाखवावी. आईबापांनीही एक रविवार द्यावा. जाताना दगडाला तेल-शेंदूर लावण्याचा मोह मात्र घरी ठेवावा.

वाचणारा विजयी होईल, असे हजार वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवले आहे. निदान वाचणारा तरी तिथे जायला हवा.