‘लग्न झालंय का?’

डिसेंबर 1935. संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर अमेरिकेहून थेट आपल्या वर्ध्याला आल्या, गांधीजींशी बोलायला. गांधीजींचं म्हणणं संयमाचं, बाईंचं साधनांचं. एकमत झालं नाही. पण बोलणं झालं, तेही उघड! आणि आपण? साधी लघवीची जळजळ होत असली तरी रूममेटच्या कानात सांगतो.

लिहिलं बाप्पा एकदाचं.

वर्कशॉपजवळ मुलींसाठी धड टॉयलेट नाही, म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. तेही वर्ध्याच्या उन्हात! मग इन्फेक्शन होतं. कुणाची पाळी दोन-दोन महिने येत नाही, कुणाची आली की थांबत नाही. उपाय काय, तर सीनियरच्या बहिणीला लागू पडलेली गोळी. मी कॉन्व्हेंटची, इंग्रजी शब्द सगळे पाठ. मराठीत सांगायची वेळ आली की माझ्याकडे ‘अडचण’ हा एकच शब्द उरतो. मराठी मिडियमच्या मैत्रिणीही त्याच एका शब्दावर भागवतात, तेव्हा दोष मिडियमचा नसावा.

हिंमत करून दवाखान्यात गेलं, तर पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय का?’ दुखतंय काय, ते नंतर. औषध देण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी विचाराव्याच लागतात, मान्य. पण त्या सरळ विचारा ना, दार लावून विचारा. बाकावरच्या दहा जणांना ऐकवून कशाला?

कायदा तर केव्हाच पुढे गेलाय. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. नाव गुप्त ठेवण्याचं बंधन आहेच. 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं?

सरकारची किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकं आहेत. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचं वय 10 ते 19. म्हणजे सेकंड इयर संपेपर्यंत आपण किशोर, आणि थर्ड इयरला एकदम बाद!

मुलांनो, हे पान उलटू नका. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, 1097 वर फोन करून माहिती विचारता येते. 72 तासांच्या आत घ्यायची गोळी मेडिकलमधून मैत्रिणीला आणून दिली म्हणजे जबाबदारी संपली, असंही नाही. ती गोळी अडीअडचणीची आहे, नेहमीची नव्हे. आणि एम-थ्रीवाल्यांनी खास नोंद घ्यावी, 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली.

आपल्याला काहीच सोडायचं नाहीये. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आहेत. तिथल्या एक लेडी डॉक्टर आणि एक डॉक्टर पंधरवड्यातून एकदा हॉस्टेलवर यावेत. दार लागणारी खोली हवी. रजिस्टरमध्ये नावाऐवजी नंबर असावा. आणि घरी फोन जाणार नाही, हे रेक्टर मॅडमनी नोटीस बोर्डावर सहीनिशी लिहून द्यावं. वर्कशॉपजवळच्या टॉयलेटचं काम तर सिव्हिलची आपलीच मुलं एस्टिमेटसकट काढून देतील.