रोपांची लावणी आणि मुळांची हेळसांड

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. काणकोणात खोल्याच्या डोंगरउतारावर लावायची मिरचीची रोपे वाफ्यांतून मान वर काढू लागली आहेत, आणि पहिल्या सरी येताच भाताचा तरवाही पेरला जाईल. त्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात गोव्यातील लहानथोर शेतकऱ्यांच्या हातून असंख्य रोपे एका जागेवरून उपटली जातील आणि दुसऱ्या जागी लावली जातील. बियाणे, खत, अनुदान, बाजारभाव यांविषयी आपल्याकडे सभा-संमेलनांतून पुष्कळ बोलले जाते. आणि बोललेच पाहिजे. परंतु रोप वाफ्यातून निघते आणि शेतात उभे राहते, त्या मधल्या तासा-दोन तासांविषयी फारसे कोणी बोलत नाही. आमच्या मते पिकाचे भवितव्य पुष्कळदा तेथेच ठरते, आणि नेमका तोच वेळ आपल्या शेतीत सर्वांत बेपर्वाईने घालवला जातो.

ही बेपर्वाई नजरेस येत नाही याचे कारण उघड आहे. रोपाचे जे काही बिघडते ते मातीखाली बिघडते. डोळ्यांना दिसणारी पांढरी मुळे रोपाला धरून ठेवतात. पाणी शोषून घेण्याचे काम मुख्यतः करतात ती त्या मुळांच्या टोकांजवळची, केसाहून बारीक अशी मूलरोमे. एकेक मूलरोम म्हणजे मुळाच्या सालीवरील एकाच पेशीचा लांबलेला भाग. त्याचे आयुष्य मोजक्या दिवसांचे असते, आणि मातीच्या कणांना ते इतके घट्ट बिलगलेले असते की रोप हिसडून ओढले की मूळ हाती येते व मूलरोमे मातीतच राहून जातात. वर पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडीत असतात. आवक बंद आणि जावक चालू, अशा स्थितीत रोपाने मान टाकली तर त्यात नवल ते काय? नवी मुळे फुटेपर्यंत ते नुसते जिवंत असते, वाढत नाही. जे दिवस फांद्या फुटण्यात जायचे ते घाव भरण्यात जातात.

एवढ्यावरच भागत नाही. तुटलेले मूळ म्हणजे उघडी जखम होय. वांगी, मिरची, टोमॅटो या एकाच कुळातील पिकांना ग्रासणारा जिवाणूजन्य मर रोग आपल्या उष्ण आणि दमट किनारपट्टीला चांगलाच परिचित आहे. हिरवेगार झाड दुपारी मलूल होते, संध्याकाळी सावरल्यासारखे दिसते आणि दोन-चार दिवसांत उभे वाळून जाते. हा जिवाणू जमिनीतच असतो आणि मुळांच्या जखमांतून आत शिरतो. लावणीच्या दिवशी झालेली इजा अशा रीतीने महिन्याभराने, झाड फुलावर आल्यावर वसूल होते. शेतकरी मग बियाण्याला दोष देतो, दुकानदाराला देतो, नशिबालाही देतो. ज्या हाताने रोप हिसडले त्या हाताकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खोल्याच्या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो दिवस अभिमानाचा होता, यात शंका नाही. परंतु मानांकन हे नावाला मिळते. पीक उभे राहते ते पावसाच्या पाण्यावर, उताराच्या जमिनीवर आणि मुख्यत्वे तेथील स्त्रियांच्या कष्टांवर. अशा उतारावर रोपाने पहिल्या आठवड्यात मूळ धरले नाही, तर एखादी जोराची सर ते मातीसकट खाली घेऊन जाते. म्हणून मिरची लावताना जाणत्या बायका जी काळजी घेतात तिला आम्ही रूढी म्हणणार नाही, ते शास्त्रच आहे. रोपे काढण्यापूर्वी आठवडाभर त्यांचे पाणी हळूहळू कमी करावयाचे, म्हणजे ती कणखर होतात. काढण्याच्या काही तास आधी मात्र वाफा भरपूर भिजवायचा, म्हणजे माती मऊ होऊन मुळे सहज सुटतात. रोप वरून ओढायचे नाही. काठीने किंवा खुरप्याने खालून माती उचलून ते वर घ्यायचे, आणि मुळांना लागलेली माती झटकायची नाही. कोवळे रोप धरायचे ते पानाला, देठाला नव्हे. पान फाटले तर दुसरे येते, देठ चेंगरला तर दुसरा येत नाही. लावायचे ते ढगाळ दिवशी किंवा उन्हे कलल्यावर, वाफ्यात जेवढे खोल होते तेवढेच खोल, आणि भोवतालची माती हलक्या बोटांनी दाबून.

ही सर्व पथ्ये पाळूनही काही पिके लावणी सोसत नाहीत. दोडका, काकडी, भोपळा या वेलवर्गीय पिकांची मुळे एकदा दुखावली की लवकर सावरत नाहीत. भेंडीचे सोटमूळही तसेच. सात शिरांच्या आपल्या भेंडीचे बी थेट जागेवर टोकणे हेच बरे. ज्यांना वेलांची रोपे आधी करायचीच असतात, ते नारळाच्या करवंटीला खाली भोक पाडून तीत किंवा केळीच्या सोपाच्या द्रोणात बी लावतात. सोप कुजून जातो, त्यामुळे रोप द्रोणासकट जमिनीत ठेवता येते आणि मुळांना हात लावावाच लागत नाही. आज शहरांत विकत मिळणारी कुजणाऱ्या कुंड्यांची नवलाई आपल्या परसात कधीपासूनची आहे! रोपवाटिकांतील ९८ खणांचे प्लास्टिकचे ट्रे आणि त्यांत भरलेला काथ्याचा भुसा हेही त्याच विचाराचे पुढचे पाऊल. प्रत्येक रोपाची मुळे आपापल्या खणात, शेजाऱ्याशी न गुंतता वाढतात आणि मुळांचा गोळा न फुटता अखंड बाहेर येतो. काथ्याचा भुसा ज्या किनाऱ्यावर नारळ पिकतो तेथे दुर्मीळ असण्याचे कारण नाही.

भाताची गोष्ट थोडी वेगळी आहे. भाताचे रोप सोशिक, म्हणून त्याच्यावर अत्याचारही अधिक. तरव्याची जुडी उपटायची, पायावर आपटून चिखल झाडायचा, बांधावर टाकून द्यायची आणि सवडीने, कधी दुसऱ्या दिवशीही, लावायची, हा प्रकार आपण इतका पाहिला आहे की त्यात काही गैर आहे असे वाटेनासे झाले आहे. मादागास्करमध्ये आंरी द लोलानिए नावाच्या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १९८३ च्या सुमारास याच्या नेमके उलट करून पाहिले. महिन्याभराच्या रोपांऐवजी जेमतेम पंधरा दिवसांची रोपे त्यांनी लावली, तीही एकेक आणि अंतर राखून. या पद्धतीत पुढे आठ ते बारा दिवसांची रोपे वापरण्याचा प्रघात पडला. रोप बियाच्या टरफलासकट अलगद उचलायचे, अर्ध्या तासाच्या आत लावायचे, आणि मुळाचे टोक वर वळेल असे चिखलात कोंबायचे नाही, हे तिचे सार होय. इतक्या कोवळ्या वयात रोप हलविले की ते लवकर सावरते आणि त्याला फुटवे अधिक येतात. भारतात तामिळनाडू, आंध्र, त्रिपुरा या राज्यांनी या पद्धतीची दखल घेतली. तिच्या उत्पन्नाविषयीचे काही दावे अतिरंजित असल्याची टीका तज्ज्ञांनी केली आहे आणि तिकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. शिवाय आपल्या खाजन जमिनीत, जेथे पावसाने मीठ धुऊन निघण्याची वाट पाहावी लागते आणि पाणी मनाप्रमाणे कमीजास्त करता येत नाही, तेथे आठ दिवसांचे नाजूक रोप टिकणार नाही. तेथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे वाणच हवे. परंतु मुळे जपा आणि उपटलेले रोप ताटकळत ठेवू नका, एवढी शिकवण तरी कोणत्याही मळ्यात लागू पडावी.

येथे एक अडचण आहे, आणि ती मजुरीची आहे. लावणीला माणसे मिळत नाहीत. मिळाली तर काम उक्ते द्यावे लागते. उक्त्या कामात ज्याचा हात जलद त्याची कमाई जास्त. अशा मजुराला ‘रोप खालून उचल, माती झटकू नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याला स्वतःच्या खिशातून भरपाई करायला सांगण्यासारखे आहे. जपून लावणी हवी असेल तर जपून लावणाऱ्याला दिवसाचे दाम द्यावे लागेल. जे शेतकरी चटईवर वाढवलेला तरवा यंत्राने लावतात, त्यांची मुळे पातळ थरातून निघत असल्याने तुलनेने सुरक्षित राहतात. परंतु आपल्या चिंचोळ्या खाचरांत आणि मिरचीच्या उतारांवर ते यंत्र जाणार कोठून?

सरकारचा हिशेबही तपासून पाहिला पाहिजे. रोपे किती वाटली याचे आकडे आपल्याला ऐकविले जातात, जगली किती याचे क्वचितच. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेल्या वनमहोत्सवाचीही हीच कथा आहे. प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभर राहून मुळांचा पीळ पडलेले रोप, काही ठिकाणी तर पिशवीसकट, खड्ड्यात ठेवले जाते, छायाचित्र घेतले जाते आणि पाहुणे निघून जातात. पिशवी कापावी, वेटोळी मुळे मोकळी करावीत, हे सांगायला तेथे कोणी नसते.

मिरची आणि वांग्यांसाठी ट्रेमधील रोपवाटिका तालुक्याच्या ठिकाणी नव्हे, तर खोला, आगशी यांसारख्या गावांतच उभ्या राहाव्यात, कारण रोप वाहनातून जितके दूर जाते तितके ते हिंदकळते आणि सुकते. त्या चालविण्याचे काम गावातील स्त्रियांच्या बचत गटांकडे द्यावे. हात त्यांचे आहेत, जाणही त्यांची आहे. वाटलेल्या रोपांची मोजणी लावणीनंतर महिन्याभराने शेतात जाऊन करावी आणि तोच आकडा जाहीर करावा. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि राज्याचे कृषी खाते या दोघांनी मिळून लावणीची प्रात्यक्षिके शेताच्या बांधावर घ्यावीत, सभागृहात नव्हेत. आणि ती मृगाच्या आधी घ्यावीत. रोपे लावून झाल्यावर येणारे मार्गदर्शन शेतकऱ्यांनी पुष्कळ पाहिले आहे.