मामांची पिंपं

लोणावळ्याला गेलेला आयटीवाला काय करतो? टायगर पॉइंटवर भजी खातो, चिक्कीच्या दुकानात रांग लावतो आणि रविवारी रात्री एक्स्प्रेसवेवर ट्रॅफिकला शिव्या घालतो. आम्हीही तेच केलं. फक्त गाडी लावायला जागा मिळाली ती हॉटेलच्या मागच्या दाराशी.

तिथे एक मामा टेम्पोत निळी पिंपं चढवत होते. आत बुफेचं खरकटं. भात, पनीर, पाव आणि सकाळच्या ब्रेकफास्टचे सॉसेज. कामशेतच्या पुढे त्यांची चाळीसेक डुकरं आहेत म्हणे.

"मामा, उकळून घालता का?"

"लाकडं कोन देनार साहेब? ताजंच असतंय की."

हा आगाऊ प्रश्न मी का विचारला? तर आफ्रिकन स्वाईन फीव्हरबद्दल नुकतंच वाचलं होतं. २००९ साली पुण्यात आपण मास्क लावून फिरलो तो स्वाईन फ्लू वेगळा. या विषाणूने माणसाला काहीच होत नाही, डुकरं मात्र जवळजवळ सगळी मरतात. म्हणूनच बहुधा आपल्याला पत्ता नसतो. भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात सापडला, २०२२ मध्ये केरळात वायनाडला. एका गोठ्यात निघाला की आसपासची धडधाकट डुकरंही मारून पुरतात.

कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मोजून दाखवलं की पातळ पदार्थातून या विषाणूची अगदी नगण्य मात्राही पुरते. कोरड्या खाद्यातून त्याच्या सुमारे दहा हजार पट लागते. हुश्श म्हणू नका! डुक्कर रोज, दिवसभर खातं. पासवर्ड फोडणारा प्रोग्राम कसा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, तसा प्रत्येक घास हा नवा प्रयत्न. आणि डुकराच्या मांसात, अगदी खारवलेल्या मांसातही, हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. म्हणजे मला त्या पिंपातल्या सॉसेजची भीती जास्त वाटते.

खरकट्यावर सरळ बंदी घाला, असं म्हणणं सोपं आहे. ब्रिटनने २००१ मध्ये तेच केलं. न उकळलेल्या खरकट्यातून लाळ्या-खुरकूत पसरला आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, त्यानंतर. पण इथे बंदी घातली तर मामांचा धंदा बसेल आणि खरकटं कचरा डेपोत कुजेल. मला ते पटत नाही.

नियम आहे ९० अंशांवर तासभर, ढवळत उकळण्याचा. मग इंजिनिअरिंगची डिग्री एकदाची कामी आणली. दोनशे लिटरचं पिंप तापवून तासभर तसंच ठेवायला, उघड्या शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तरी, साधारण तीन किलो गॅस. दोन पिंपांना सहा किलो. मामांना हे रोज परवडणं शक्यच नाही. पण ती पिंपं भरणारे आम्ही तीनशे जण धरले, तर माणशी वीस ग्रॅम! हा खर्च हॉटेलने करावा, बिलात लावावा. आणि तोवर निदान सॉसेज-हॅमचं उष्टं त्या पिंपात टाकू नये. त्याला तर गॅसही लागत नाही.

निघताना मॅनेजरला हे सगळं ऐकवलं. बायको गाडीत हॉर्न वाजवत होती. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा ना."

लिहिलंय. पाठपोट.