पडद्याआडचा धर्मोपदेशक

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे उशिराच झोपी गेली होती आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या ढिगाऱ्यांवर लष्कराचे जवान होते, संघाचे स्वयंसेवक होते, जैन समाजाच्या संघटना होत्या. तसेच चर्चशी संलग्न संस्थांचे कार्यकर्तेही होते. प्रेते उचलणाऱ्या हातांना त्या दिवसांत कोणी धर्म विचारला नाही, आणि ते योग्यच झाले.

मात्र एक गोष्ट तेव्हा होती ती आज राहिलेली नाही. मदतीला आलेला प्रत्येक माणूस गावाला दिसत होता. तो कोठून आला, कोणत्या संस्थेचा, त्याच्या मनात काय आहे, हे पारावर बसून विचारता येत होते. पुढे ५२ गावांचे स्थलांतर करून पुनर्वसन झाले. आखीव रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, घरे भूकंपाला टिकतील अशी झाली. पण भिंतीला भिंत लागून असलेला जुना शेजार विस्कटला. मग दुष्काळाची वर्षे आली. २०१६ साली लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी स्वस्त इंटरनेटचेही युग सुरू झाले आणि नापिकीने, कर्जाने, घरच्या मृत्यूने खचलेल्या माणसाच्या हाती रात्री दोन वाजताही जागा असलेला एक सोबती आला.

त्या सोबत्याच्या पलीकडे कोण बसले आहे, हा खरा प्रश्न आहे. नोव्हेंबर १९९९मध्ये दिल्लीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक हाती येईल, अशी आशा जाहीरपणे व्यक्त केली होती. २००२च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात त्यांनीच इंटरनेट हे सुवार्ता सांगण्याचे नवे व्यासपीठ असल्याचे सांगितले. प्रोटेस्टंट पंथांतील संघटना या बाबतीत आणखी पुढे गेल्या. अमेरिकेत २००४ साली स्थापन झालेल्या ‘ग्लोबल मीडिया आउटरीच’ने तर हेच आपले मुख्य कार्य मानले. ‘यूव्हर्जन’चे बायबल मोबाइलवर २००८ साली आले, २०२१पर्यंत त्याची नोंद पन्नास कोटींवर गेली. मराठी बायबलही त्यात आहे.

या कामाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. एकटेपणा, निराशा, मरणाची भीती यांविषयी कोणी संगणकावर शोध घेतला, की त्याच्यापुढे सांत्वनाचे एक पान येते. पानाच्या तळाशी ‘कोणाशी बोलायचे आहे का?’ अशी विचारणा असते. उत्तर देणारा स्वयंसेवक प्रशिक्षित असतो. वाद घालू नये, समोरच्याच्या देवाची निंदा करू नये, आधी ऐकावे, मग स्वतःच्या आयुष्याची ‘साक्ष’ द्यावी, हे त्याला शिकवलेले असते. संभाषण पुढे सरकले की जवळच्या प्रार्थनामंडळाशी गाठ घालून दिली जाते. हिंदू देवतांना शिव्या देणाऱ्या जुन्या पत्रकबाज उपदेशकापेक्षा हा मार्ग कितीतरी सौम्य आहे, आणि म्हणूनच कितीतरी परिणामकारक.

यात गुन्हा आहे का? केवळ आपला धर्म सांगणे हा गुन्हा नाही. घटनेच्या २५व्या कलमाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी त्याची मर्यादाही आखून दिली: आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना समजावण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. न्यायालयासमोर होते ते बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांचे प्रश्न. पण शोकाकुल माणसाशी आपली ओळख आणि हेतू न सांगता आठवडेच्या आठवडे केलेले गोड संभाषण यांपैकी कशात बसते? सांत्वनाच्या पहिल्याच पानावर ‘हे पान अमुक मिशनने चालवले आहे, आणि तुम्ही ख्रिस्ताचा स्वीकार करावा अशी आमची इच्छा आहे’ असे ठळक मराठीत लिहिलेले असावे, एवढी मागणी कोणत्याही प्रामाणिक धर्मोपदेशकाला जाचक वाटू नये.

कारण महाराष्ट्राने उघड्यावरची धर्मचर्चा कधी नाकारलेली नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखा अमेरिकन मिशनरी होता, भोवती लोकांची गर्दी होती. दोन्ही पक्षांनी तो वाद पुढे छापून प्रसिद्ध केला. कोण काय म्हणाले हे आजही तपासता येते. मोबाइलवरच्या खासगी गप्पांचा असा कोणता इतिवृत्तांत मिळणार?

ख्रिस्ती धर्म मराठी मनाला भिडला तोही मराठी होऊनच. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीत छापले गेले. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने ‘नवा करार’ दिला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने घर कसे दुभंगले, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे; धर्मांतराला ‘खासगी बाब’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तर आवर्जून वाचावे. पण टिळकांनी तुकोबांना सोडले नाही. ते अभंगच लिहीत राहिले आणि अखेरीस परदेशी मिशनच्या नोकरीतूनही बाहेर पडले. ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधाचे सूर उमटले होते. परंतु दिब्रिटो नाव लावून, व्यासपीठावरून बोलत होते. त्यांच्याशी मतभेद मांडता येत होता. काळजी करण्याजोगा आहे तो नाव न सांगणारा.

मात्र सगळा दोष पलीकडच्याचा मानणे ही हिंदू समाजाची सोयीस्कर पळवाट ठरेल. मराठवाडा ही संतांची भूमी आहे. पैठणचे नाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, कपिलधारचे मन्मथस्वामी हे सारे याच मातीतले. आपले दुःख देवापुढे मांडण्याची जनाबाईइतकी मोकळी भाषा क्वचितच कोणाला साधली असेल. तरीही रात्री दोन वाजता ‘जगावेसे वाटत नाही’ असे मराठीत लिहिणाऱ्या तरुणाला आपल्याकडून काय मिळते? सणांच्या शुभेच्छांची चित्रे, राशिभविष्य, आणि धर्म संकटात असल्याच्या आरोळ्या. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस मिळत नाही. जातीच्या उंबरठ्यावर ज्याला अडवले गेले, त्याला तर आपण प्रश्न विचारण्याइतकेही जवळ येऊ दिलेले नाही. परक्या मुलखातला स्वयंसेवक त्याचे ऐकून घेतो आणि गावातल्या देवळाचा विश्वस्त घेत नाही, ही लाज कोणत्याही कायद्याने झाकली जाणार नाही.

कायद्याच्या मागण्या होतच राहतील. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या कीर्तनकारांनी, शिवाचार्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. पुनर्वसित गावांत रात्रीही फोन उचलणारी चार-पाच माणसे गावागणिक ठरवता येतील. ज्या घरात मृत्यू झाला तेथे तेराव्यानंतरही जाता येईल. जनाबाई आणि मन्मथस्वामी आजच्या मराठीत, नाव-पत्त्यासह, मोबाइलवर आणता येतील. भूकंपग्रस्त मुलांसाठी जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळला निवासी विद्यालय उभारले. तेथे शिकलेली ती पहिली मुले आज चाळिशीत आहेत. आई-बाप ढिगाऱ्याखाली गेल्यावर आपल्याला कोणी, कसे सावरले, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही. या कामासाठी पहिली हाक त्यांनाच द्यायला हवी.