प्रश्न उद्भवत नाही



सरकारी मराठीत एक वाक्य आहे : 'प्रश्न उद्भवत नाही.' विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळा, पानापानावर सापडेल. आमदार विचारतो, अमुक गावात अमुक घडले हे खरे आहे काय? असल्यास चौकशी केली काय? चौकशीत काय आढळले? नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? मंत्र्याचं छापील उत्तर येतं : (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. पहिल्याला 'नाही' म्हटलं की बाकीचे तिन्ही जागच्या जागी गार. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. व्याकरण माझं कच्चं. पण एवढं कळतं की ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला प्रश्न उद्भवतोच. उद्भवत नाही तो फक्त मंत्र्याला.

दिल्लीतही हेच वाक्य चालतं, इंग्रजीतून. १४ सप्टेंबर २०२० ला ते लोकसभेत वापरलं गेलं. त्याबद्दल मला बोलायचंय. कारण त्या वाक्याखाली माझ्या टोळीतला एक माणूस गाडलेला आहे.

तेव्हा मी नुकताच गोदीत लागलो होतो. ठेकेदाराची टोळी, चौदा माणसं. पोती म्हणा, पोलादाच्या कॉइली म्हणा, जहाजातून जे उतरेल ते. आम्ही काही मराठवाड्याचे, काही बिहार-यूपीचे. मुकादम हजेरी घ्यायचा ती नावानं नाही, डोक्यानं. वहीत लिहायचा : माणसे १४. एक डोकं कमी पडलं तर नाक्यावरून दुसरं उचलून आणायचा. माझा आजा १९७२ च्या दुष्काळात बीडकडून मुंबईत आला, तोही असाच डोकं म्हणून मोजला गेला. वही बदलली, मोजणी तीच.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. चार तासांची मुदत. जहाजं येत होती, पण आमच्या टोळीला बोलावणं नव्हतं. ठेकेदारानं फोन उचलणं सोडलं. पंधरा दिवसांची मजुरी त्याच्याकडे अडकलेली. आमच्यात बिहारचा एक वयस्क गडी होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. वडाळ्याला एका खोलीत नऊजण राहायचे, त्यातला एक. दीड महिना त्यानं कसाबसा ढकलला. मे महिन्यात म्हणाला, आता मरायचं तर गावात मरतो. माझ्या आईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. "भाऊ, जपून जा," म्हणाली. तो नाशिकच्या रस्त्यानं चालत निघाला. आठवड्यानं त्याच्या पोराचा फोन आला. मध्य प्रदेशात कुठंतरी झाडाखाली बसला तो उठलाच नाही. बरोबरच्यांनी सांगितलं, ऊन लागलं, पोटात काही नव्हतं. पंचनामा नाही, पोस्टमॉर्टेम नाही. तिथंच उरकलं.

त्याच महिन्यात, ८ तारखेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडच्या बाजूला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला, गावं मध्य प्रदेशात. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या चपात्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले. ते सोळा मोजले गेले, कारण एकदम गेले, एका जागी गेले आणि रेल्वेच्या हद्दीत गेले. चाचा एकटा गेला.

सप्टेंबरात संसद भरली. त्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच काढून टाकला होता. कारण दिलं साथीचं. आपल्या पोरांना हे फारसं माहीत नसतं म्हणून सांगतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर मिळतं. तारांकिताला मंत्र्याला उभं राहावं लागतं आणि त्यावर कुणीही खासदार उपप्रश्न टाकू शकतो. उपप्रश्न म्हणजे खरी गोम. छापील उत्तर खात्याचा साहेब लिहून देतो, पण उपप्रश्नाला मंत्र्याच्या स्वतःच्या तोंडातून काहीतरी निघावं लागतं, नाहीतर घाम निघतो. तो तास गेला म्हणजे घाम गेला. उरला कागद.

त्या कागदावर काही खासदारांनी कामगारमंत्र्याला विचारलं : टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? राज्यवार आकडा आहे काय? त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली काय? उत्तर आलं : अशी माहिती ठेवली जात नाही. आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

पण त्याच उत्तरात सरकारनं सांगितलं की १ कोटी ४ लाखांवर मजूर आपापल्या राज्यात परतले. म्हणजे चालणारे मोजले, पोचलेले मोजले, वाटेत पडलेले तेवढे मोजता आले नाहीत! बरं, त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेमंत्र्यानं दुसऱ्या एका खासदाराला सांगितलं की ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक गाड्यांमध्ये ९७ माणसं दगावली. एका खात्याजवळ ९७ प्रेतं आहेत आणि दुसऱ्या खात्याजवळ माहितीच नाही. दोघांची कचेरी एकाच दिल्लीत.

आणि माहिती ठेवणं ही काही सरकारची मेहेरबानी नव्हती. १९७९ सालचा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. परराज्यातले पाच किंवा जास्त मजूर लावणाऱ्या ठेकेदाराला परवाना पाहिजे. प्रत्येक मजुराचा तपशील त्यानं पंधरा दिवसांच्या आत दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना कळवायचा. मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं. जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, विस्थापनाचा भत्ता द्यायचा. चाळीस वर्षं हा कायदा पुस्तकात होता. मी गोदीत, बांधकामावर, मार्केटात एकाही मजुराच्या खिशात तसलं पासबुक पाहिलेलं नाही. तेव्हा 'माहिती ठेवली जात नाही' याचा सरळ मराठी अर्थ असा : आम्ही आमचाच कायदा चाळीस वर्षं पाळला नाही. मंत्र्यानं गुन्हा कबूल केला आणि तीच आपली सुटका म्हणून सभागृहाच्या पटलावर ठेवली.

पुढचं ऐका. त्याच अधिवेशनात, त्याच सप्टेंबरात, विरोधक बाहेर असताना, १९७९ चा कायदा नव्या सुरक्षा संहितेत गुंडाळून टाकला. पाच मजुरांची अट होती ती दहावर नेली. पुढं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कान उपटले तेव्हा ऑगस्टात ई-श्रम पोर्टल निघालं. चांगलं झालं, नाव नोंदवा. पण जे २०२० च्या मे महिन्यात रस्त्यावर गेले त्यांना कुठलं पोर्टल?

आता घरातलं बोलतो. हे बोलताना जीभ जड होते, पण आपल्या पत्रिकेत नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

२८ जुलै २०२१. राज्यसभा. मल्लिकार्जुन खर्गे आणि एल. हनुमंतय्या यांनी विचारलं, हातानं मैला साफ करताना पाच वर्षांत किती माणसं मेली? सामाजिक न्याय खात्याच्या वतीनं रामदास आठवल्यांनी उत्तर दिलं : असा एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. विचारणारे आपले, उत्तर देणारा आपला, गटारात मेलेला तर आपलाच. आणि उत्तर देणारा साधासुधा माणूस नाही, पँथरच्या चळवळीतून वर आलेला. त्याच मंत्र्यानं त्याच वर्षी फेब्रुवारीत लोकसभेला सांगितलं होतं की पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. ऑगस्टात त्याच खात्यानं १९९३ पासूनचा आकडा दिला, ९४१. मग जुलैत एकही कसा नाही?

यात गफलत नाही, व्याख्या आहे. २०१३ च्या कायद्यात हातानं मैला उचलणारा वेगळा आणि गटारात उतरणारा वेगळा. गटारवाल्याच्या कामाचं नाव 'धोकादायक सफाई'. म्हणून गटारात गुदमरून मेलेला माणूस मैला साफ करताना मेला असं सरकारी भाषेत म्हणता येत नाही. माणूस विष्ठेत बुडून मरतो आणि कागदावर कोरडा राहतो. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला अशा मृत्यूला १० लाख ठरवले, २०२३ ला ३० लाख केले. पण पैसे मिळायचे तर आधी मृत्यू नोंदला पाहिजे ना!

मला माहीत आहे, उत्तर साहेब लोक लिहून देतात. पण त्यावर सही कुणाची असते? आठवलेसाहेब, त्या कागदावर तुम्ही एवढंच म्हणायचं होतं की हे उत्तर मी देणार नाही. आणि काँग्रेसवाल्यांनीही टाळ्या पिटू नयेत. १९९३ चा बंदीचा कायदा त्यांच्याच राज्यात झाला आणि त्यांच्याच राज्यात कपाटात पडून राहिला.

यावर आपली पोरं म्हणतात, सोड रे, विधानसभा-संसद म्हणजे तमाशा. प्रश्न विचारून काय होणार, रस्त्यावर उतरलं पाहिजे. मीही असंच म्हणायचो. आता म्हणत नाही.

१९२३ साली रावबहादूर बोल्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण पाण्याला हात लागला नाही. बाबासाहेब १९२७ च्या फेब्रुवारीत कौन्सिलात गेले आणि मार्चात चवदार तळ्यावर. एक हात सभागृहात, एक हात पाण्यात. नुसत्या ठरावानं पाणी मिळालं नाही हे खरं, पण ठराव होता म्हणून तळ्यावर आपण कायद्याचं पाणी पीत होतो, चोरीचं नाही. पँथर १९७२ ला मुंबईत उभी राहिली तिच्यामागं बावडा आणि ब्राह्मणगाव होतं, तसा इळयापेरुमाळ समितीचा अहवालही होता. संसदेपुढं ठेवलेला, देशभरच्या अत्याचारांचा कागद. रागाला नोंदीचा आधार होता.

आज राग आहे, नोंद नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ जागा आहेत, लोकसभेत देशभर ८४. पुणे करारानं मतदारसंघ संयुक्त केले, त्यामुळं आपल्या जागेवरचा माणूसही दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येतो आणि पक्षाच्या इशाऱ्यावर बसतो-उठतो. हे दुखणं जुनं आहे. पण या २९ जणांना आपण तरी काय देतो? जयंतीला बॅनरवर फोटो, हार आणि घोषणा. कधी कुणी त्यांच्या हातात मेलेल्यांची यादी दिली? आमदार हवेत प्रश्न विचारतो म्हणून मंत्री हवेत उत्तर देतो. 'हे खरे नाही' म्हणायला मंत्र्याची जीभ तेव्हा अडखळेल, जेव्हा प्रश्नातच नाव, गाव, तारीख आणि पोलीस ठाणं असेल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक वस्तीत एक वही. गटारात मेला, बांधकामावरून पडला, गोदीत मालाखाली आला, परगावचा असो की आपला, जात कुठलीही असो, लिहा. नाव, वय, गाव, ठेकेदार, कामाची जागा, दिवस, पोस्टमॉर्टेम झालं का, पैसे मिळाले का. दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज होतो, खात्याजवळ काय नोंद आहे ते मागवा. दोन्ही कागद आपल्या भागाच्या आमदाराच्या हातात द्या आणि अधिवेशनाच्या आधी द्या. त्यानं विचारलं तर त्याचं नाव इथं छापू. नाही विचारलं तरी छापू.

ही काही क्रांती नव्हे, हे मला कळतं. पण ज्यांना आपल्या मेलेल्यांची यादी करता येत नाही, ते क्रांतीत कुणाच्या नावानं लढणार?

मी वही घेतली आहे. पहिल्या पानावर चाचा आहे. त्याचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं, दोन वर्षं त्याच्याबरोबर पोती उचलली तरी. मीही त्याला डोकंच समजलो होतो म्हणायचं. त्याच्या पोराला फोन करून नाव विचारलं. पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं आणि म्हणालं, "भैया, आजतक किसीने पूछा नहीं था."

मंत्रीमहोदय, माहिती ठेवली आहे. प्रश्न उद्भवला आहे.

जय भीम.