छताला लटकण्याआधी, छत कुणाचं ते विचारा

सध्या घरोघरी योगा हॅमॉक यायला लागलाय. छताला दोन हूक, त्यांना अडकवलेलं मऊ, लांबरुंद कापड आणि त्यात डोकं खाली करून लोंबकळणारं माणूस. रील बघितली की कुणालाही मोह व्हावा. पाठ मोकळी होते म्हणतात, होत असेल. दोराला लटकणं आपल्याला काही नवीन नाही. पुण्यात अय्यंगारांच्या संस्थेत भिंतीतल्या हुकांना दोर लावून आसनं करायची पद्धत कित्येक वर्षांची आहे, आणि दोरीचा मल्लखांब तर आपलाच. तेव्हा योगाबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचंय ते कापडाच्या वरच्या टोकाबद्दल.

मी तीस वर्षं बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर म्हणून काढली. आता आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. गेल्या वर्षभरात तीन अर्ज आले, ‘हॉलच्या छताला झोपाळा/हॅमॉक लावायचा आहे, परवानगी मिळावी.’ तीन अर्ज आले म्हणजे दहा जणांनी न विचारता लावला असणार, हे कमिटीत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या तिन्ही अर्जांना आम्ही काय उत्तर दिलं? एकाला ‘नाही’. दुसऱ्याला ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून सही घेतली. तिसऱ्याचा अर्ज अजून फायलीत आहे. यातलं एकही उत्तर उत्तर नाही, आणि ते तसं का आहे हे सांगायलाच ही पोस्ट लिहितोय.

आधी आपल्या डोक्यावर असतं काय ते बघू. फ्लॅटचा स्लॅब साधारण पाच-सहा इंचांचा असतो. त्याच्या खालच्या बाजूला जेमतेम पाऊण इंच काँक्रीटचं कव्हर आणि त्यावर सळयांची जाळी. त्यातूनच लाइटचे पाइप फिरलेले. खाली गिलावा किंवा पीओपी, आणि हल्ली त्याखाली फॉल्स सीलिंग, जे स्वतःचंच वजन कसंबसं धरून असतं. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चॅनलला हूक मारून दिलेला मी डोळ्यांनी बघितलाय. मारणारा सुतार म्हणाला, ‘काका, पन्नास किलो आरामात घेईल.’ कशावरून? तर त्याने स्वतः लोंबकळून बघितलं होतं. एकदा.

लोकांचा एक युक्तिवाद असतो आणि तो वरवर अगदी बरोबर वाटतो. घराचा स्लॅब डिझाइन करताना दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरतात, तसं आपल्या आयएस कोडातच आहे. मग साठ-सत्तर किलोच्या माणसाने काय होणार? खरंय, स्लॅब त्यामुळे कोसळणार नाही. पण तो भार वरून येतो, पसरून येतो. तुम्ही खालून ओढताय, आणि तेही अंगठ्याएवढ्या भोकातून. काँक्रीट दाबाला पहिलवान आणि ओढीला अगदीच लेचंपेचं. दाबाची जेवढी ताकद, त्याच्या साधारण दहावा हिस्सा ताण ते सहन करतं. त्यातून स्लॅबच्या मधल्या भागात खालची बाजू आधीच ताणात असते. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असणं हे स्लॅबचं आजारपण नाही, त्याचा स्वभाव आहे. आणि आपण हूक कुठे लावतो? बरोब्बर हॉलच्या मधोमध, पंख्याच्या शेजारी. भेगा असलेल्या काँक्रीटसाठी वेगळ्या प्रतीचे अँकर मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘मजबूत फास्टनर द्या’ म्हटलं की जे हातात येतं, ते बहुतेक वेळा तसलं नसतं.

आता वजनाचा हिशेब. ७० किलोचं माणूस हळूच, अलगद लटकलं तर ७० किलो. पण अंग एकदम सोडलं, अगदी एक इंचही खाली न पडता नुसतं एकदम सोडलं, तरी क्षणभर भार दुप्पट होतो, १४० किलो. झोका घेतला तर कोनाप्रमाणे वाढतो. दोर उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला, तर खालून जाताना दुप्पट. आसन बदलताना सगळं अंग एका बाजूला जातं, म्हणून दोन हूक असले तरी हिशेब एकाच हुकाचा करायचा. त्यावर माणूस लटकणार म्हणून निदान पाचपट सुरक्षितता धरली, तर एका हुकाला ७०० किलो झाले. मी तरी याच्या खाली उतरणार नाही. सुताराचे पन्नास किलो आणि हे सातशे, यांच्यामध्ये तुमची मान असते. झोपाळ्यावरून पडलेलं माणूस बुडावर आपटतं, यात माणूस डोक्यावर येतं.

ऑनलाइन किटच्या पाकिटावर मोठ्ठा आकडा छापलेला असतो. तो आकडा हुकाच्या लोखंडाचा आहे, कापडाचा आहे. तुमच्या स्लॅबचा नाही. तुमचा स्लॅब त्या कंपनीने कधी बघितलाच नाहीये.

‘केमिकल लावून घट्ट बसवू’ हे आणखी एक. भोकात डिंकासारखं रसायन भरून सळई बसवायची. योग्य जागी ते उत्तमच काम करतं, मी स्वतः करून घेतलंय. पण डोक्यावर, सतत ओढीखाली? अमेरिकेत बॉस्टनला जुलै २००६ मध्ये एका बोगद्याच्या छतातले काँक्रीटचे फलक कोसळले आणि खालून जाणाऱ्या गाडीतली एक बाई गेली. ते फलक इपॉक्सीने बसवलेल्या अँकरांवर लटकवलेले होते. चौकशीत निघालं की वापरलेलं इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू सरकत होतं. बसवलं त्या दिवशी सगळं घट्टच होतं. इंजिनिअर, कंत्राटदार, सरकारी खातं असं सगळं असताना हे झालं. आपल्याकडे शनिवारी दुपारी येणारा ड्रिलवाला असतो.

पंख्याच्या हुकाचं विचाराल तर तो तीन-चार-पाच किलोच्या पंख्यासाठी, स्लॅब भरतानाच सळईत अडकवून सोडलेला असतो. चांगला बसवला असेल तर पंख्याच्या कितीतरी पट वजन घेईलही. पण कसा बसवलाय आणि किती गंजलाय, हे काँक्रीटच्या आत आहे. त्यावर बाळाचा पाळणा टांगणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

जुने लोक झोपाळा लावायचेच की, असं कुणीतरी म्हणणारच. लावायचे. वाड्यात, कोकणातल्या ओटीवर बंगई असायची ती लाकडी तुळईला. कड्या तुळईतून आरपार किंवा तुळईला वेढून, चार साखळ्या, भार चार जागी वाटलेला. आणि मुख्य म्हणजे तुळई डोळ्यांसमोर असायची. वाळवी लागली की दिसायची, तडकली की आवाज करायची. घर बांधतानाच सुतार विचारायचा, बंगई कुठे येणार? आपला स्लॅब पीओपीखाली झाकलेला, आणि बांधताना कुणी आपल्याला काही विचारलेलं नाही. मुंबईतल्या जुन्या लादी-कोब्याच्या इमारतींत तर वर लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये नुसत्या दगडी लाद्या. तिथे लादीला हूक मारणं म्हणजे लादी डोक्यावर घेणं.

माझा खरा मुद्दा इथून पुढे आहे.

तुम्ही फ्लॅट घेताना जो करार केलात तो काढून वाचा. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक करारात एक वाक्य असतं. लेखी परवानगीशिवाय कॉलम, बीम, भिंती, स्लॅब यांना छिन्नी लावायची नाही, इजा करायची नाही. म्हणजे छताला भोक पाडण्याचा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. आणि ते योग्यच आहे, कारण तुमचं छत ही वरच्याची जमीन आहे. पण मग परवानगी देणाऱ्याकडे ती द्यायला किंवा नाकारायला लागणारी माहिती असायला नको? स्लॅब किती जाडीचा, सळई कुठे, बीम कुठे, स्लॅब साधा आहे की पोस्ट-टेन्शन? हे शेवटचं तर जिवावरचं आहे. नव्या काही टॉवरांत स्लॅबमधून ताणलेल्या पोलादी केबल जातात. एकेका केबलमध्ये दहा-बारा टनांहून जास्त ताण असतो. तिथे ड्रिल लागलं तर प्रश्न हॅमॉकचा राहत नाही.

रेराच्या कायद्यात कलम १७ आहे. इमारत ताब्यात देताना बिल्डरने आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेला सोपवायचे आहेत. कलम १४ मध्ये ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. आता गंमत बघा. आमच्या सोसायटीने स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागितली तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातून आधी मंजूर नकाशाची झेरॉक्स आली, ज्यात खोल्यांची मापं असतात, सळई नसते. पुन्हा मागितली तर ‘आर्किटेक्टकडे आहेत’. आर्किटेक्ट म्हणे ‘आरसीसी कन्सल्टंटकडे’. कन्सल्टंटने ऑफिस बदललं होतं. चौदा महिने झाले. दोष निघाला तर तुम्हीच भोकं पाडलीत म्हणून हात झटकायला मात्र हेच लोक सगळ्यात पुढे असतील, आणि काही वेळा ते खरंही असेल.

कोट्यवधी रुपये देऊन घेतलेल्या घरात आपल्या डोक्यावर काय आहे हे आपल्याला माहीत नाही. मोबाइल घेतला तरी त्याच्यासोबत माहितीपत्रक येतं हो.

हॅमॉक हे निमित्त आहे. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला, खालच्या मजल्यांतून गेला आणि सहा जण दगावले. गुरुग्रामला फेब्रुवारी २०२२ मध्ये उंच टॉवरच्या सहाव्या मजल्यावरच्या हॉलचा स्लॅब थेट पहिल्या मजल्यापर्यंत खाली गेला, तिथेही दोन जीव गेले, तिथेही घरात दुरुस्तीचं काम चालू होतं. या दोन्ही घटना हॅमॉकच्या नाहीत, हे मला कळतं. पण आपल्या घरात आपण ‘अंतर्गत काम’ म्हणून जे करतो ते अंतर्गत नसतं, एवढं तरी त्यातून घ्यावं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, ३० च्या वर गेली की तीन वर्षांतून एकदा. किती सोसायट्या करतात ते आपापल्या मनाला विचारा. रंगकामाला आणि गणपतीच्या मांडवाला वर्गणी निघते, ऑडिटचा विषय आला की ‘पुढच्या सभेत बघू’.

माझं म्हणणं एवढंच आहे की कमिटीने ‘नाही’ म्हणणं बंद करावं आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ लिहून घेणंही बंद करावं. त्या सहीने स्लॅबची ताकद वाढत नाही आणि वरच्या मजल्यावरच्याचा हक्कही संपत नाही. सोसायटीने एक स्ट्रक्चरल इंजिनिअर धरावा, ड्रॉइंग त्याच्या ताब्यात असावीत, आणि छताला काही टांगायचं असेल त्याने त्याची फी भरून लेखी उत्तर घ्यावं. तो येऊन स्कॅनरने सळई आणि पाइप शोधेल. शक्य असेल तिथे स्लॅब सोडून बीमच्या बाजूला प्लेट लावायला सांगेल, म्हणजे बोल्ट सरळ खाली उपसला जात नाही, आडवा अडून राहतो. बीमच्या पोटाला, जिथे मुख्य सळया असतात, तिथे हात लावू देणार नाही. बसवून झाल्यावर पुल-आउट टेस्ट होते, यंत्राने ओढून बघतात. ती करून घ्या. वरच्या बाथरूमखाली, ओल असलेल्या जागी, पोपडे निघालेल्या स्लॅबला कुणी ‘चालेल’ म्हणालं तर इंजिनिअर बदला.

आणि भाड्याच्या घरात असाल, इमारत जुनी असेल किंवा ड्रॉइंग मिळतच नसतील, तर जमिनीवर उभं राहणारं लोखंडी स्टँड मिळतं. जागा खातं, दिसायला ओबडधोबड, रीलमध्ये छान येत नाही. पण त्याच्या पाकिटावरचा आकडा निदान त्याचा स्वतःचा असतो. दर आठवड्याला नट-बोल्ट बघायचे, खाली जाड गादी घालायची, आणि घरात कुणी नसताना उलटं व्हायचं नाही.

ज्यांच्या सोसायटीला बिल्डरकडून खरी स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळाली आहेत त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा, अर्ज कुणाला केला, किती दिवस लागले, रेराकडे जावं लागलं का. आमचा चौदा महिन्यांचा पत्रव्यवहार हवा असेल तर मागा, पाठवतो.